देवीची सुरी आणि झाडावरचा डेल्बर्ट

दोरी कापायला सुरी हवी होती, एवढंच. डेल्बर्ट हॉफस्ट्राच्या त्या दिवशीच्या सगळ्या फजितीचं मूळ इतकं साधं आहे. रोजची सुरी सिंकमध्ये खरकट्यात पडलेली होती (सकाळी त्यानेच टाकली होती). ती धुवायची म्हणजे हात ओले करायचे. आणि समोर टेबलावर, मखमली कापडात गुंडाळलेली, काळ्या मुठीची, दोन्ही बाजूंनी धार असलेली देखणी सुरी आयतीच ठेवलेली. डेल्बर्टने ती उचलली, मागच्या खिशात खोवली, कापड पुन्हा नीट घडी करून ठेवलं (टापटिपीची त्याला फार हौस) आणि शिडी घेऊन अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाकडे निघाला.

आता चेटकिणीबरोबर अकरा वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं, की त्या सुरीने काही कापायचं नसतं. ती फक्त हवेत रिंगण आखण्यासाठी, देवीला बोलावताना. पाव, भाजी, दोरी, असलं काही एकदा जरी कापलं की ती बाटली. मग तिची रवानगी स्वयंपाकघरात. डेल्बर्टला हे पाठ होतं. पण एखादी गोष्ट पाठ असणं आणि ती वेळेवर आठवणं, हे त्याच्या बाबतीत कधी एका दिवशी घडलं नाही.

त्यात गडबड होती. त्याची बायको ग्रेचेन आज पहिल्यांदा पूजा चालवणार होती. सेबास्टोपोल गावातल्या तिच्या चेटकिणींच्या मंडळात तेरा बायका, सगळ्या देवीच्या भक्त. तिथे देव नाही, पुरुष भक्त नाही, आणि पूजेच्या वेळी आवारात पुरुषाची सावलीसुद्धा नाही. एकोणतीस वर्षं मुख्य पुजारीण असलेल्या विनिफ्रेडबाईंचे गुडघे आता पुरे म्हणत होते आणि त्यांची जागा कोणी घ्यायची, ते आज ठरायचं होतं. दिवस आणि रात्र सारखे होण्याचा सण, दुपारी चार वाजता, ग्रेचेनचंच अंगण. तिला जमलं तर जागा तिची. नाही जमलं तर मर्लीनची, आणि मर्लीन अगदी नटूनथटून तयार होती.

जमेल का, हीच तर चिंता होती. ग्रेचेन एकोणीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे फोनवर बसत होती. "माफ करा, मार्चच्या आधी वेळ नाही," हे ती इतक्या हळू सांगायची की पलीकडचा माणूस "काय?" म्हणायचा आणि ही पुन्हा माफी मागायची. अशा बाईने मोकळ्या आभाळाखाली चारी दिशांना हाका मारायच्या होत्या. तीन आठवडे रोज जेवणानंतर सराव चालला होता. डेल्बर्ट फ्रिजला टेकून उत्तर दिशा व्हायचा.

"उत्तरेला काही ऐकू आलं नाही," तो म्हणायचा.

"उत्तरेने कानातला मळ काढावा," ती पुटपुटायची आणि परत सुरुवात करायची. शेवटी एकदाचा आवाज फ्रिजपर्यंत पोचला, की तो मान डोलवून म्हणायचा, "ऐकू आलं."

बायकोचा त्याला कोण अभिमान. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्याने जाहीरच केलं होतं, "माझी बायको चेटकीण आहे."

"माझीही," शेजारच्या टेबलावरचा राऊल म्हणाला.

"तुझी नुसती चिडते रे. माझी शिकून झालीय."

तर डेल्बर्ट झाडावर चढला. तेरा बायकांच्या तेरा फिती तागाच्या दोरीने फांद्यांना बांधायच्या, साडेतीनला घर सोडायचं आणि साडेसहापर्यंत तोंड दाखवायचं नाही, असा हुकूम होता. अकरावी फीत बांधून झाली आणि फाटकात मोठी गाडी थांबली. तीन वाजून वीस मिनिटं. विनिफ्रेडबाईंनी उभा जन्म शाळेची बस चालवली होती. आजही सगळ्याजणींना त्यांनीच घरोघरी जाऊन गोळा केलं होतं आणि वेळेआधी पोचवलं होतं. बाराच्या बारा एकदम आत आल्या.

"ही शिडी मध्येच कोणी ठेवली?" मर्लीनने विचारलं.

"डेल्बर्टने असेल," दारातून बाहेर येत ग्रेचेन म्हणाली.

"मग काढलेलीच बरी," असं म्हणून मर्लीनने शिडी उचलली आणि गॅरेजच्या मागे नेऊन ठेवली.

डेल्बर्टने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बायकोची पहिली पूजा आणि झाडावर नवरा, हे कळलं की जागा मर्लीनच्या घशात. त्याने फांदीला मिठी मारली. अंगात लाल चौकड्यांचा शर्ट होता. सफरचंदंही लालच असतात, अशी त्याने मनाची समजूत घातली (दोनशे दहा पौंडांची नसतात, हा भाग वेगळा).

खाली बायका झाडाभोवती गोल उभ्या राहिल्या. ग्रेचेनने पूजेच्या चौरंगावरचं मखमली कापड उचललं, उलगडलं, झटकलं. कापडात काही नव्हतं. आणि मघापासून आपल्याला मागून काय टोचतंय, हे डेल्बर्टला त्याच क्षणी कळलं.

ग्रेचेनने टोपलीमागे पाहिलं, चौरंगाखाली पाहिलं, मग क्षणभर वर पाहिलं. डेल्बर्टने डोळे घट्ट मिटले (म्हणजे तो दिसणार नाही).

"सुरी नाही का गं?" मर्लीन साखरेत घोळवून म्हणाली. "माझी आहे गाडीत. आणू?"

सगळ्याजणी ग्रेचेनकडे बघायला लागल्या. आता ही माफी मागणार, डेल्बर्टला वाटलं. मागितली की संपलं.

"नको," ग्रेचेन म्हणाली.

तिने उजव्या हाताची बाही वर केली. "सुरी हातात धरतात. हात आधीपासून आहे. याच हाताने मी माझ्या लेकीला न्हाऊमाखू घातलं, आईचे डोळे मिटले आणि परक्यांच्या दातदुख्या लिहून घेतल्या. देवीला हा हात ओळखीचा आहे."

आणि ती बोट पुढे करून चालू लागली. सावकाश, मान ताठ ठेवून, हवेत रिंगण आखत. तिने पूर्वेला हाक मारली तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं. दक्षिण झाली, पश्चिम झाली, आवाज चढतच गेला. आपण रोज जिच्यासमोर बसून सूप पितो ती हीच बाई, या विचाराने डेल्बर्टचा ऊर भरून आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग ग्रेचेन उत्तरेकडे वळली आणि अशी खणखणीत हाक मारली की डेल्बर्टला राहवलंच नाही. तीन आठवड्यांची सवय.

"ऐकू आलं," तो झाडावरून म्हणाला.

विनिफ्रेडबाईंनी हळूहळू मान वर केली.

"एकोणतीस वर्षं मी त्या बाजूला हाका मारतेय," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कोणी ओ दिली."

"आणि तो पुरुष आहे," मर्लीन म्हणाली. "रिंगणाच्या आत आहे. पूजा मोडली."

"तो वर आहे. आत कुठे आहे?" कोणीतरी म्हणालं.

"रिंगण काय जमिनीपुरतंच असतं? ते चेंडूसारखं असतं, वर आभाळातही. विनिफ्रेड, तुम्हीच सांगा."

"माझ्याकडे काय बघता?" विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "आज पूजा कोण चालवतंय?"

ग्रेचेनने कमरेवर हात ठेवले. "डेल्बर्ट."

"हं."

"सुरी तुझ्याकडे आहे ना?"

"हो."

"काय कापलंस?"

"दोरी. अकराच वेळा."

"मर्लीनचं बरोबर आहे. तू आत आहेस," ग्रेचेन म्हणाली. "पण आत आलेल्याला बाहेर जायला दार कापून देता येतं. पूजा मोडत नाही." तिने बोटाने हवेत उभं दार कापलं. नेमकं कुंपणाच्या बाजूला, जिथे एक फांदी पलीकडे झुकली होती.

"तिकडून?" डेल्बर्टचा आवाज चिरकला. "ग्रेच, खाली ब्लॅकबेरीची जाळी आहे. काट्यांची."

"दार तिथे आहे," ग्रेचेन म्हणाली.

तिच्या आवाजात माफी औषधालाही नव्हती. डेल्बर्टने आधी सुरी पलीकडे टाकली, मग फांदीवरून पोटावर सरपटत गेला आणि काही सफरचंदांसकट दाराबाहेर पडला. मागे ग्रेचेनने बोटाने दार लावून घेतलं. तो जाळीत अडकूनच कुंपणाच्या फटीतून बघत राहिला. उरलेली पूजा बिनचूक झाली. विनिफ्रेडबाईंनी स्वतःच्या डोक्यावरचा गव्हाच्या ओंब्यांचा मुकुट काढून ग्रेचेनच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा मर्लीननेसुद्धा टाळ्या वाजवल्या. डेल्बर्टनेही वाजवल्या. दोन्ही हातांत काटे होते, तरी वाजवल्या.

संध्याकाळी ग्रेचेन चिमटा घेऊन त्याच्या पाठीतले काटे काढत बसली. मुकुट अजून डोक्यावरच होता.

"माफ कर," तो म्हणाला.

"म्हण, म्हण. माझा कोटा संपलाय." तिने एक मोठा काटा ओढला. "तुझे बूट मला पहिल्यापासून दिसत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"उत्तरेला कोणीतरी असलेलं बरं वाटत होतं," ती म्हणाली, आणि डेल्बर्टला पुन्हा रडू आलं. (काट्यांमुळे, असं तो म्हणाला.)

मग तिने मंडळाची वही उघडली. दर सणाची हकिगत मर्लीन त्यात लिहायची.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय?" डेल्बर्टने मान वळवून विचारलं.

ग्रेचेनने वाचलं, "रिंगण हाताने आखलं. चारी दिशांना हाक पोचली. नवी पुजारीण ग्रेचेन. झाडावरून पडलेलं: सफरचंदं सात, सुरी एक, इतर एक."

सोमवारी डेल्बर्टने ऑफिसात छाती फुगवून सांगितलं, की बायको मुख्य पुजारीण झाली, आणि चेटकिणींच्या वहीत नोंद झालेला पहिला पुरुष आपणच.

"नाव लिहिलंय तुझं?" राऊलने विचारलं.

डेल्बर्ट खुर्चीत बसणार होता. पण पाठीतले सगळेच काटे निघाले नव्हते, म्हणून तो उभाच राहिला.

"सफरचंदांच्या खाली आहे," तो म्हणाला.