बर्फाच्या प्रोग्रामातला उंट

समता मोजल्याशिवाय नांदत नाही. पूर्वीचे लोक ती नुसतीच पाळायला बघायचे. त्यामुळे किती पाळली, याची आज कुठेही नोंद सापडत नाही.

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या डक क्रीक गावच्या शाळेत ही चूक सुधारण्यात आली. संगणकाच्या तासाला प्रत्येक मुलाला आपली संस्कृती भेटते का, हे मोजायला डॉ. पेन्रॉड राजधानीहून मोजपट्टी घेऊन आले. (पट्टी बावन्न पानांची आहे.) चारपैकी तीन गुण पडले तर वर्ग चालू राहील. कमी पडले तर ती खोली कुस्तीच्या गाद्यांना. कुस्तीचे प्रशिक्षक दोनदा येऊन खोलीची लांबी-रुंदी घेऊन गेले होते. (तेही मोजमापच; पण तळहातावर लिहून उरकलं.)

वर्ग शिकवायच्या लोरीन ह्रुस्काबाई. तो बंद पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी पट्टीत रकाना नव्हता.

*रकाना १. परिस्थिती.* मुलं एकोणीस. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा सात. चालू संगणक बारा. (शेवटचा आकडा कुणी विचारलेला नाही.)

*रकाना २. मुलांचं काम.* इडिल, वय सोळा, डोक्याला केस झाकणारा रुमाल. तिचा प्रोग्राम आदल्या संध्याकाळी सांगतो की उद्या बर्फामुळे शाळेला सुट्टी पडेल की नाही. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: वारा, पारा आणि बसचालक अर्लचा गुडघा दुखतोय का. गृहपाठ करायचा की नाही, हे सगळी शाळा त्यावर ठरवते. गृहपाठ तपासायचा की नाही, हे शिक्षकही.

डॉ. पेन्रॉडनी तो मन लावून पाहिला. "सुरेख. पण यात तुझी संस्कृती कुठे आहे?"

"सुट्टी ही सगळ्यांचीच संस्कृती की, सर."

त्यांनी हळहळून लिहिलं: मुलगी मुळांपासून तुटलेली. कारण: शिक्षिका. गुण: १.२. फेरतपासणी गुरुवारी.

*रकाना ३. (शिक्षकांनी काही लिहू नये.)*

बुधवारी ह्रुस्काबाई इडिलच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"बाळा, एखादा उंट घाल ना त्यात."

"उंट? मिस, मी जन्मात एकच उंट पाहिलाय. ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात. झोपला होता."

"मग झोपलेला घाल."

"त्यापेक्षा तुमच्या आजीचे ते चेक देशातले पाव घालते. ते खाल्लेत तरी मी."

"माझ्या आजीला गुण नाहीत गं."

मागच्या बाकावरून विल्मर ओरडला, "उंटाला बूट घाल हं, इडिल! गारठेल बिचारा!"

इडिल हसली नाही. दाराशी कुस्तीची पहिली गादी गुंडाळून उभी होती. तिने ती पाहिली, बाईंकडे पाहिलं आणि उंट काढायला घेतला.

उंट देखणा झाला. मात्र तो पडदाभर चालत जाईपर्यंत प्रोग्राम अडून बसे, त्यामुळे उद्याचा अंदाज परवा दुपारी येऊ लागला. (अचूक येई. परवा दुपारी तो कुणालाही देता येतो.)

*रकाना ४. निष्कर्ष.* गुण ३.९. बर्फाच्या जागी वाळू घातल्यास ४. घातली.

वर्ग वाचला. गादी गेली. जिल्ह्यातल्या सर्व शाळांनी प्रत्येकी एक उंट बसवावा, असं परिपत्रक निघालं. ह्रुस्काबाईंचा सत्कार झाला. त्या दिवशी दीड फूट बर्फ पडलं, आणि आधी कुणालाच कळलं नसल्यामुळे सगळे हजर होते. इडिलने तो वर्ग सोडून मुलींच्या कुस्तीत नाव घातलं. तिथे फक्त वजन मोजतात.

*रकाना ५. वाचक.* इडिल शाळेसमोरच्या दवाखान्यात जन्मली. तिचे आईवडील कुठून आले, हे वर कुठेही लिहिलेलं नाही, डॉ. पेन्रॉडनीही विचारलं नव्हतं. तरी रुमाल दिसताच आपण तिला एक देश देऊन मोकळे झालात, आणि उंट आल्यावर तर आपली खात्रीच पटली.

चारपैकी चार.