टक्

"परत वाजलं!" टायपिस्ट बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ऐकलंत ना? टक्!"

ऐकलं सगळ्यांनीच होतं. हेडक्लार्कांना मात्र ते आतून ऐकू आलं होतं. चार वर्षांपासून त्यांचा जबड्याचा सांधा धरला होता. तोंड उघडलं की कानापाशी टक् वाजे आणि तिथून निघालेली कळ कपाळात जाऊन ठाण मांडे. पण बोलायची सोय नव्हती. 'आता ठणठणीत आहे' असं लिहून देऊन ते गेल्याच महिन्यात रजेवरून परतले होते. आता तक्रार केली तर साहेब कायमचं घरी बसवतील, ही धास्ती.

"पंखा असेल," ते ओठातल्या ओठात म्हणाले.

एवढ्यावर वायरमन आला आणि पंखा उतरवून बसला. पंखा नाही म्हणून उकडायला लागलं, उकाड्याने हेडक्लार्कांचं डोकं चढलं, डोकं चढलं म्हणून त्यांनी दात आवळले, आणि दात सोडल्याबरोबर... टक्!

"पंखा नाही, साहेब," वायरमन शिडीवरून म्हणाला. "भिंतीत आहे. पाइप बघा."

प्लंबर भिंतीला कान लावून खोलीभर फिरला आणि बरोबर हेडक्लार्कांच्या पाठीमागे थांबला. "इथं जोरात येतोय. फोडावी लागेल."

गवंडी छिन्नी घेऊन आला. प्रत्येक घाव भिंतीवर पडे आणि हेडक्लार्कांच्या मस्तकात उमटे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो इतका अक्षरशः कोणी खाल्ला नसेल.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं!" संध्याकाळी बायको त्यांच्या गालावर शेकायची पिशवी धरत म्हणाली.

"कसं सांगू? अर्धी भिंत गेली!"

"मग काय, उरलेली जायची वाट बघताय?"

दुसऱ्या दिवशी उरलेलीही गेली. आवाज राहिला. साहेबांनी इंजिनिअरला बोलावलं, सगळ्यांना फायलींसकट फुटपाथवर काढलं. इंजिनिअरने 'इमारत धोकादायक' असं लिहायला पेन काढलं, तेव्हा हेडक्लार्कांना राहवेना.

"थांबा! इमारत नाही वाजत. मी वाजतोय!"

इंजिनिअरने पेन खाली केलं.

"वाजून दाखवा," इंजिनिअर म्हणाला.

हेडक्लार्कांनी आ केला, मिटला, परत केला. काही नाही. मनावरचं ओझं उतरलं तसा जबडा तेल दिलेल्या बिजागरीसारखा हलायला लागला होता.

"धक्का बसलाय हो बिचाऱ्यांना," टायपिस्ट बाई हळहळल्या. "पाणी द्या कुणीतरी."

टक्!

सगळ्यांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. ते आ वासून स्थिर उभे होते. आवाज दुसरीकडून आला होता. साहेबांनी नुकतंच काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि आता त्यांचा तळवा गालावर होता.

साहेबांनी हेडक्लार्कांना फायलींच्या ढिगामागे ओढलं. "डोकंही दुखतं?"

"इथून इथपर्यंत."

"माझंही." साहेब कुजबुजले. "मला वाटलं, ऑफिसातला आवाज माझ्या मागे घरी येतोय. जेवतानासुद्धा!"

"साहेब," इंजिनिअर पेन सरसावून पलीकडून ओरडला, "मग इमारतीचं काय लिहू?"

साहेबांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं, हेडक्लार्कांनी पडलेल्या भिंतीकडे. मग दोघांनीही तोंडं घट्ट मिटून घेतली.