घासूनपुसून ठेवलेली टाकी

गॅरेजच्या जमिनीखालची टाकी मिस्त्री आणि त्यांची बायको सकाळपासून घासत होते. अकरा वाजता तपासणीचे साहेब येणार होते. गाड्या धुतलेल्या पाण्यातलं तेल टाकीत अडतं आणि नुसतं पाणी गटारात जातं, हे साहेबांना पटलं तर सही, नाहीतर गॅरेजला टाळं. वीस वर्षांचा धंदा एका टाकीवर येऊन ठेपला होता. घाबरलेला माणूस नको तिथे साफसफाई काढतो, तशी मिस्त्रींनी काढली. टाकी उपसून, घासून, फडक्याने कोरडी केली. फरशी पुसली. जुनं तेल नेणाऱ्याला बोलावून सगळे डबे देऊन टाकले.

साहेब आले, झाकण उघडून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"यात पाणी कुठाय?"

"एक थेंब नाही साहेब. आत बसून जेवा, इतकी स्वच्छ आहे."

"अहो, पाणी असेल तर तेल वर तरंगणार ना? कोरड्या टाकीतून ते सरळ गटारात जाईल. टाकी बसवणाऱ्या प्लंबरनं सांगितलं नाही?"

प्लंबरने दोनदा सांगितलं होतं. मिस्त्रींची बायको नवऱ्याकडे बघत राहिली आणि मिस्त्री छताकडे.

"आणि तेलाचा डागसुद्धा नाही. म्हणजे टाकी तुम्ही वापरतच नाही. मग एवढ्या गाड्यांचं तेल जातं कुठे?"

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीत ते पुन्हा आणायला बायकोने नळी लावली. टाकी भरेपर्यंत साहेबांनी चार वेळा घड्याळ पाहिलं. मिस्त्री नव्या तेलाचा सीलबंद डबा घेऊन धावले.

"ते नको. रोज फरशीवर सांडतं ते दाखवा."

रोज सांडणारं तेल आजच कुठे नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या एकुलत्या एक गाडीखाली मिस्त्री आडवे झाले. गळती बंद करण्यात जन्म गेलेला हा माणूस आता एका थेंबासाठी गाडीची विनवणी करत होता. गाडी ढिम्म.

"अहो, इकडे या," बायकोने दारातून हाक मारली.

साहेबांनी दारात स्कूटर लावली होती. तिच्याखाली चांगलं ताटाएवढं काळं थारोळं साचलं होतं. बायकोने बादलीभर पाणी ओतलं. तेल फरशीतल्या जाळीतून टाकीत उतरलं, पहिल्या कप्प्यात वर येऊन तरंगत राहिलं आणि पलीकडच्या पाइपातून स्वच्छ पाणी आलं. साहेबांनी ते ओंजळीत धरून निरखलं आणि सही केली.

मिस्त्री भिंतीला टेकले. जीव भांड्यात पडला होता. एवढ्या आनंदात माणूस उदार होतोच.

"साहेब, स्कूटर ठेवून जा. ही गळती फुकटात काढून देतो."

"गेल्या महिन्यात माझ्या बायकोनं आणली होती इथेच," साहेब कागद आवरत म्हणाले. "तुम्हीच काढलीत गळती. आता जन्मात गळणार नाही, म्हणाला होतात."

मिस्त्रींना एकदम फरशी फार बघण्यासारखी वाटू लागली. बायकोने रिकामी बादली उचलली.

"देवाची कृपा साहेब," ती म्हणाली, "ते काम यांनी टाकीसारखं मन लावून केलं नाही."