हेलिकोनियाचं पहिलं बाळंतपण

कुंडीतल्या हेलिकोनियाला पहिलं फूल धरलं, की तिला फुलण्यासाठी माहेरी, म्हणजे नर्सरीत, न्यावं लागतं. म्हणून नर्सरीवाल्या रतनबाई गुरव टेम्पो घेऊन शालन खातूच्या दारात आल्या.

शालनचा नुसता संताप झाला. तीन वर्षं तिनं त्या झाडाची उठबस केली होती. केळीसारखी मोठी पानं उन्हानं करपू नयेत म्हणून गच्चीत स्वतःची चांगली साडी बांधली होती. कुंडी अपुरी पडली, तेव्हा तांदळाचं पिंप रिकामं करून दिलं होतं. आता कुठे पानाच्या गुंडाळलेल्या पोग्यातून लाल टोक डोकावत होतं, आणि ही बाई न्यायला हजर.

"खतपाणी आमचं आणि फूल तुमच्या अंगणात? हा कुठला न्याय?"

रतनबाई म्हणाल्या, रीतच आहे तशी. खरं तर सातव्या पानाला ओटी भरायची, तीही सासरी कुणी भरली नाही. त्या बोलणार नव्हत्या, पण विषय निघालाच म्हणून. शालनचे यजमान दिगंबर हळूच म्हणाले, पाठवून दे. शालननं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे ते पुन्हा पेपरात शिरले.

"नाही पाठवायची. इथं काय कमी आहे तिला?"

"सगळ्या सासवा हेच म्हणतात," रतनबाई म्हणाल्या.

शालनच्या पहिल्या बाळंतपणाला भावानं आणलेली गाडी सासूनं याच दारातून रिकामी परत पाठवली होती. तो राग अजून तिच्या पोटात होता. तिनं खणानारळानं पिंपाची ओटी भरली. टेम्पो वळला तशी मात्र ती रतनबाईंकडे पाठ करून आत गेली.

यथावकाश बारशाचं बोलावणं आलं, आणि शालन दिगंबरांना घेऊन गेली. नर्सरीत बायका जमल्या होत्या. फूल लालभडक होतं, कडेला पिवळी रेघ. ते पाहून शालनला भरून आलं. तेवढ्यात रतनबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगदी आमच्यावर गेलंय."

शालननं पदर खोचला.

"नीट बघा. रंग आमच्याकडचा आहे."

बायकांनी दिगंबरांच्या लालबुंद कानांकडे पाहिलं, मग फुलाकडे, मग पुन्हा कानांकडे. रतनबाईंनी घुगऱ्यांचं ताट शालनच्या हातात दिलं.