घेवरशेठची दाढ

घेवरशेठच्या दुकानात शिरलात, तर ते कापड नंतर दाखवतात. आधी तुम्हाला तोंड उघडायला लावतात. "दात दखाड, भाऊ," म्हणतात आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून बघतात. "पिवळा डाग. बोअरनं पानी. धुळ्याकडला शे ना?" माणूस खरंच धुळ्याकडचा निघाला, की कापड मोजायचा लोखंडी गज टेबलावर आपटून म्हणतात, "पानी खोटं बोलत नही!" नाही निघाला, तर तो माणूसच थापा मारतोय असं धरून चालतात. त्यांची नवी विहीणबाई बस्ता बांधायला आली होती, ती तीन तास तोंडाला पदर लावून बसली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात मी घातलं, हे आधीच कबूल करतो. अमळनेरच्या अलीकडच्या, बोरी नदीकाठच्या या गावात मी बारा वर्षं इतिहास शिकवतो आणि संध्याकाळी शेठच्या गादीवर बसून फुकटचा चहा पितो. एकदा सहज सांगून गेलो, की तिकडे मध्य अमेरिकेत जुन्या काळी माया नावाचे लोक होते. ते आपली माणसं राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आता संशोधक त्या सांगाड्यांचे दात तपासतात. लहानपणी जिथलं पाणी प्यायलं, तिथल्या मातीची खूण दातात राहून जाते, अगदी मेल्यावरसुद्धा. त्यावरून कोण तिथलाच आणि कोण परमुलखातून आलेला, ते कळतं.

शेठनी हातातली कात्री खाली ठेवली. "म्हंजे सर, मन्हा दातमा बोरी नदीनं पानी शे?"

"असणारच."

"लिखी द्या."

शेठचं दुखणं जुनं होतं. त्यांचे पणजोबा मारवाडातून पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन आले. शेठचा जन्म इथला, शाळा इथली, शिव्यासुद्धा इथल्याच. तरी दिवाळी आली की कुणीतरी हटकून विचारणार, "शेठ, गावले कधी जाशात?" मग शेठ भडकणार, "कोन्ता गावले? गावमाच बठेल शे ना मी!" आणि त्या दिवशी सगळी मापं चुकीची कापणार.

यंदा मात्र संधी चालून आली. आमच्या मरीमातेच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं खच्चून भरायची आणि बैलांऐवजी भगतानं त्या देवळापर्यंत ओढायच्या. एकेका गाडीचा मान एकेका घराण्याकडे. बारावी गाडी ज्यांची, ते घराणं पुण्याला जाऊन बसलं, म्हणून शेठनी ती मागितली. यात्रा कमिटीचे प्रमुख आबा, भला माणूस, पण जिभेला हाड नाही. म्हणाले, "मान मूळ गाववाल्यांचा असतो, शेठ. तुम्ही आपली वर्गणी द्या." शेठ दोन दिवस कुणाचे दात बघेनात. मला काळजीच वाटली.

कमिटीच्या सभेला ते उशिरा आले. गाल टम्म सुजलेला. आबांपुढे त्यांनी रुमाल सोडला, तर आत दाढ! सकाळीच अमळनेरला जाऊन काढून आणली होती. "अजून पाच वर्षं टिकेल," असं डॉक्टर विनवत होता म्हणे. शेठ म्हणाले, यात्रा आठ दिवसांवर आली.

"तपासाले धाडा. मारवाड निघनं, ते दुकान बंद करसू."

सभा खो खो हसली. सगळ्यांत मोठ्यानं आबा. शेठ शांतपणे त्यांच्याकडे वळले. "हासू नका, आबा. पहिले तुमनी दाढ काढा. सात वरीसना व्हयेपावतर तुम्ही चोपड्याले मामाकडे व्हतात. तुमना दातमा तापी शे!"

आबांनी चटकन ओठ मिटले. मीही संधी साधली. मायांच्या एका मोठ्या शहरात ज्या राजाला लोक मूळपुरुष मानत, त्याचेच दात परगावचे निघाले, हे सांगून टाकलं. तरी त्याला शहराच्या ऐन मधोमध पुरलं आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्यावरच देवळं चढवली. "तेव्हा आबा, तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं. आबांना तोंड उघडायची चोरी झाली होती.

तेवढ्यात मागून जिजाअक्का उठल्या. नदीकाठी त्यांचं कापसाचं शेत आहे.

"दात राहू द्या," त्या शेठकडे बोट करून म्हणाल्या. "यानी तान्ही पोर मन्हा बांधवर पुरेल शे. चाळीस वरीस व्हई ग्यात, तो कोपरा मी वखरेल नही. ज्यानी पोर आपली मातीमा शे, तो बाहेरना कसा रे, आबा?"

तान्ह्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात; हे सगळ्यांना माहीत. पण शेठना मुलगी होती, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. त्या सगळ्या चहाची मला लाज वाटली. शेठ मान खाली घालून रुमालाची गाठ बांधत होते.

आबांनी टोपी काढली. "बारावी गाडी शेठनी," ते म्हणाले. हात वर करायला सांगायची गरज पडली नाही.

यात्रेच्या दिवशी शेठ गुलाबी फेटा बांधून बाराव्या गाडीवर उभे होते. शेजारी जिजाअक्का, मागे पन्नासेक माणसं. भगतानं हाळी दिली आणि गाड्या धडधडत निघाल्या. शेठ हवेत गज फिरवत ओरडले, "दात दखाडा रे बठ्ठा!" आणि गुलालानं माखलेल्या त्या पन्नास जणांनी एकदम बत्तिशी दाखवली. गाड्या कुठेही न अडता थेट देवळाला भिडल्या. आबांनी शेठना खांद्यावर घेतलं. दोघंही पडले, पण आनंदानं पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विचारलं, "मुलीचं तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? दाढ तरी वाचली असती."

ते मला अक्कांच्या बांधावर घेऊन गेले. कोपऱ्यात निंबाखाली उकिडवे बसले. "ती पुरावा नव्हती, सर. मन्ही पोर व्हती."

मग गजाच्या टोकानं त्यांनी हातभर माती उकरली, खिशातून रुमाल काढला आणि दाढ आत ठेवली.

"चार महिनानी व्हती. एक बी दात उना नव्हता तिले. उद्या कोनी खोदीसन विचारं, तू कोठली, ते ती काय दखाडती?"

त्यांनी माती सारली आणि तळहातानं हळूहळू दाबत राहिले.

"आते मन्ही दाढ शे तिनाजोडे. बोरीनं पानी पेल."