खांद्यावरचा होल्स्टर आणि माझं ठणठणीत हृदय

वस्तू पारखून घ्यावी ती मीच! ही बढाई नाही, आमच्या हॅकबेरी गावात कुणालाही विचारा. सव्वीस वर्षं मी गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतोय. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठला पट्टा ढिला आहे ते सांगतो. त्यामुळे पिस्तूल अंगावर बाळगायला खांद्यावरचा होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, निवडायचाय म्हटल्यावर मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "नोरीन, दोन दिवस! बुधवारी मी कोटाखाली पिस्तूल लावून अख्ख्या गावातून फिरून येईन आणि एका माणसाला कळणार नाही!"

"ह्या उन्हात कोट घालून फिरशील?" नोरीन म्हणाली. "सगळ्यांना कळेल. पिस्तुलाचं नाही, डोक्याचं."

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमच्या चर्चमध्ये रविवारी कपड्यांखाली पिस्तूल लपवून दारावर उभं राहणारं एक सुरक्षा पथक आहे. त्याचा प्रमुख मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला आणि जागा रिकामी झाली. मी अठरा वर्षं त्या चर्चमध्ये घडीच्या खुर्च्या मांडतोय आणि उचलतोय. अठरा वर्षं! 'हॉलिस कोण?' तर 'तो खुर्च्यांवाला!' मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोपेत मी दारं तपासायचो, असं नोरीन सांगते.

पण उमेदवार दोन निघाले. दुसरा रॉयस. नोरीनचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा सख्खा मेव्हणा! आमचे धर्मगुरू पास्टर वेंडेल धोरणी माणूस. त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि म्हणाले, "मागे इस्टरच्या जेवणात रॉयस केककडे हात लांब करायला गेला, शर्ट वर सरकला आणि अर्ध्या बायकांनी त्याच्या कमरेचं पिस्तूल पाहिलं. तसलं मला नको. हा आठवडा तुमची परीक्षा. येत्या रविवारच्या प्रार्थनेपर्यंत ज्याचं पिस्तूल कुणाला दिसणार नाही, हाताला लागणार नाही, तो प्रमुख. आणि परीक्षेबद्दल बाहेर अवाक्षर नाही!"

रॉयस सडपातळ. त्याने पट्ट्याच्या आत खोचलं की संपलं. माझ्या पोटाने मात्र पट्ट्याभोवतीची सगळी जागा केव्हाच व्यापलेली. उरला खांदा. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाच्या कपाटात एक खोका असतो, हौसेने घेतलेल्या आणि न मानवलेल्या होल्स्टरांचा. माझा खोका जरा मोठा आहे. दोन खोके आहेत, खरं सांगायचं तर. त्यातून मी सोमवारी सकाळी पहिला होल्स्टर काढला. कोरं करकरीत जाड कातडं, पिस्तूल काखेत आडवं बसणारं. दिसायला एकदम रुबाबदार!

पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून मी ते त्यात बसवलं आणि आरशासमोर उभा राहिलो. नोरीन मागून आली आणि थबकली.

"हे माझ्याकडे का बघतंय?"

"आडवं बसतं, त्यामुळे नळी मागे येते. रिकामं आहे, घाबरू नकोस."

"रिकामं असेल, पण बघतंय ना! रविवारी तुझ्या मागच्या बाकावर ओपलकाकू बसतात. ऐंशीव्या वर्षी त्यांनी काय तासभर नळीत बघत बसायचं?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय कातडं असं करकरायचं की मी हात हलवला की शेजारचा कुत्रा भुंकायचा. दुपारपर्यंत मानेला घासून लाल वळ उठला. तो होल्स्टर परत खोक्यात गेला.

दुसरा नायलॉनचा. हलका, उभा, आवाज नाही. मी खूश! फक्त त्याच्या पट्ट्या दोरीइतक्या बारीक होत्या आणि सगळं वजन एकट्या डाव्या खांद्यावर. मंगळवारी तो लावून, वर कोट चढवून मी किराणा दुकानात गेलो. बाहेर पारा एकशे चार फॅरनहाइटवर! दहा मिनिटांत माझा डावा खांदा खाली आला, काखेत पट्टी रुतली, घामाच्या धारा लागल्या. मी मिनिटामिनिटाला कोटात हात घालून छातीवरची पट्टी वर ओढत होतो आणि दर ओढीला तोंड वाकडं होत होतं. नेमक्या तेव्हाच लोणच्यांच्या बरण्यांमागून ओपलकाकू अवतरल्या.

ओपलकाकू चाळीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण त्यांनी कुणाला सोडलेलं नाही.

"हॉलिस! डावा हात दुखतोय का रे?"

आता काय सांगणार? परीक्षेबद्दल अवाक्षर नाही! म्हटलं, "थोडासा, काकू."

"घाम किती आलाय! छातीवर दाबल्यासारखं होतंय?"

होत होतंच. पट्टी होती ना तिथे! "होतंय खरं."

"कधीपासून?"

"कालपासून."

"आणि कोट का घातलायस? थंडी वाजतेय?"

"हो हो, थंडी!" मी सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंनी माझा गाल थोपटला, "शूर आहेस रे पोरा" म्हणाल्या आणि बरण्या तिथेच टाकून लगबगीने निघून गेल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हटलं, काय शिताफीने निसटलो!

आमच्या चर्चची एक फोनची साखळी आहे. कुणी आजारी पडलं की पहिली बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. साखळी उत्तम चालते. फक्त प्रत्येक कडीवर आजार थोडा वाढतो. संध्याकाळी पाचला मला छातीत दुखत होतं. सहाला एक झटका येऊन गेला होता. साडेसातला, म्हणे, डॉक्टरांनी हात टेकले होते!

आठ वाजता दारात पहिलं कॅसरोल आलं. कॅसरोल म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला नूडल्स आणि चीजचा काला. आमच्याकडे माणूस संकटात आहे असं कळलं की बायका कॅसरोल आणतातच. बुधवारी चार आली. गुरुवारी सहा! फ्रिज भरला, शेजाऱ्यांचा फ्रिज भरला.

"नोरीन, ह्यांना सांगायला हवं गं!" मी म्हणालो.

"सांग ना."

"सांगितलं तर पिस्तुलाचं बाहेर येईल. जागा जाईल!"

"मग नको सांगूस," नोरीन टूना माशाच्या कॅसरोलचा तिसरा तुकडा वाढून घेत म्हणाली. "माझी काही तक्रार नाही. हवा तेवढा आजारी राहा."

माझ्या दुकानात तर कहर! गिऱ्हाइकं टोप्या काढून हलक्या पावलांनी आत यायची. एकजण म्हणाला, "घाई नाही रे हॉलिस. पण माझं यंत्र... म्हणजे... जमलं तर आधी करशील का?" शुक्रवारी रॉयस आला. डोळे लाल. त्याने माझा हात घट्ट धरला.

"दाजी, आपण किती भांडलो!"

"जाऊ दे रे."

"तुम्ही माझी होडी बुडवलीत, मी माफ केलं."

"ती तू बुडवलीस, रॉयस!"

"असू दे, आता कशाला वाद?" त्याने नाक शिंकरलं. "दाजी, तुमच्या अंगणातला तो मांस भाजायचा मोठा स्मोकर आहे ना... ताईला एकटीला तो काही ओढवायचा नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिळली. फक्त दोन दिवस राहिले होते!

आणि शनिवारी मला तो सापडला. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी! रुंद, मऊ, मुरलेल्या कातड्याच्या पट्ट्या. पाठीवर त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला सांधा फिरता, म्हणजे अंग वळलं की पट्ट्याही वळतात. डाव्या काखेत पिस्तुलाची जागा, आणि समतोल राखायला उजव्या काखेत जादा काडतुसांच्या दोन मॅगझिनांचे कप्पे. खाली दोन फिती कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, की काही हलायला नको! रविवारी सकाळी मी तासभर खपून एकेक भोक मोजत पट्ट्या जुळवल्या. मध्ये तीनदा दारावरची घंटा वाजली. तीन कॅसरोल. शेवटी कोट चढवून आरशासमोर उडी मारली. काही नाही! वाकलो, वळलो, दोन पावलं नाचलो. मान मोकळी, खांदा मोकळा, काखेत पीस ठेवल्यासारखं! मी ओरडलो, "नोरीन! जिंकलो गं! अंगावर काही आहे असं वाटतच नाही!"

चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि अख्खं चर्च उठून उभं राहिलं. आमच्याकडे रविवारी एकमेकांना कडकडून मिठी मारतात आणि ह्याच मिठ्यांची मला आठवडाभर धास्ती होती. पण त्या दिवशी सगळे मला काचेच्या बरणीसारखं धरत होते! एकाच्याही हाताला काही लागलं नाही. रॉयसच्या पाठीवर मात्र कुणीतरी दणकन थाप मारली आणि त्याचा हात पटकन कमरेकडे गेला. पास्टरनी ते पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. मला तर तिथल्या तिथे शिट्टी मारावीशी वाटली!

मग पास्टर म्हणाले, "आपले बंधू हॉलिस मोठ्या संकटात आहेत. हॉलिस, पुढे या. आपण सगळे त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करू."

हात ठेवून म्हणजे खरोखरच हात ठेवून! शंभर माणसं, दोनशे हात! डोक्यावर, पाठीवर, खांद्यावर, जागा मिळेल तिथे. "नको, मी बराच आहे!" असं मी म्हणालो, त्यावर पाच बायका रडायला लागल्या. मला पुढे नेलं, खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीही मीच आदल्या दिवशी मांडलेली. हात पडायला लागले. मी डावा दंड अंगाला घट्ट चिकटवून डोळे मिटले. एक हात पाठीवरच्या पट्टीवर आला आणि कुणीतरी कुजबुजलं, "अरेरे, बँडेज!" मग ओपलकाकूंचा तरबेज हात माझ्या उजव्या बरगडीवर येऊन थांबला.

"अगंबाई!" काकू किंचाळल्या. "यंत्र बसवलंय! हृदयाचं यंत्र! आणि एक नाही, दोन!"

मागे कुणीतरी हंबरडा फोडला. मी मात्र आतून उड्या मारत होतो. दोनशे हात फिरले आणि पिस्तूल कुणालाही सापडलं नाही! प्रार्थना संपली. पास्टरनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. ह्या आठवड्यात आमची एक परीक्षा चालू होती. हॉलिसचं पिस्तूल मला दिसलं नाही, कुणालाच जाणवलं नाही. हॉलिस जिंकले!"

टाळ्या! अठरा वर्षांनी माझ्यासाठी टाळ्या!

"पण," पास्टर म्हणाले, "अशा हृदयाच्या माणसाला दारावर उभं करण्याचं पाप मी करणार नाही. प्रमुख रॉयस."

माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली. रॉयस विनम्रपणे मान खाली घालून उभा. स्मोकर आणि जागा, दोन्ही! मी ताडकन उठलो.

"थांबा! माझं हृदय ठणठणीत आहे! मला काही झालेलं नाही! काकू, ती यंत्रं नाहीत, काडतुसं आहेत! बँडेज नाही, पट्ट्या आहेत! आठवडाभर मी फक्त होल्स्टर बदलत होतो! आता पिस्तूल शोधून झालंय ना तुमचं? मी जिंकलोय ना? मग हे बघा!"

आणि मी कोट काढून फेकला. दोन्ही हात वर करून, गर्रकन एक गिरकी घेतली, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

रॉयस हळूच दोन पावलं पुढे आला, माझ्या डाव्या काखेकडे वाकून बघितलं.

"पट्ट्या झकास आहेत, दाजी," तो म्हणाला. "पिस्तूल कुठाय?"

मी काखेत हात घातला. आत माझी बोटं गेली. नुसती बोटं.

"तिजोरीत आहे," तिसऱ्या बाकावरून नोरीन शांतपणे म्हणाली. "सकाळी पट्ट्या जुळवायला म्हणून काढून ठेवलंस. मग ते तिसरं कॅसरोल आलं, ते घ्यायला गेलास, आणि आल्यावर नाचायला लागलास."

"तू सांगायचंस ना!"

"मला वाटलं, अक्कल आली."

आधी ओपलकाकू हसल्या. मग बाकीचे. पास्टर वेंडेल तर पुस्तकाने तोंड झाकून इतके हसले की त्या दिवशी प्रवचन झालंच नाही. प्रमुख रॉयसच झाला. जेवणानंतर खुर्च्यांच्या घड्या मी घातल्या. आणि चौदा बायकांनी एकेक करून येऊन, आपापली कॅसरोलची भांडी घासून परत हवी आहेत, असं अगदी गोड शब्दांत सांगितलं.

पण माझी पारख चुकली, असं मात्र मी म्हणू देणार नाही! होल्स्टर उत्तमच आहे. सोमवारी मी दार लावून त्यात पहिल्यांदा खरोखर पिस्तूल घातलं आणि घड्याळ लावून बसलो. सात मिनिटं अगदी मजेत गेली. आठव्या मिनिटाला मान धरली. मग खांदा. मग डावा हात दुखायला लागला आणि दरदरून घाम फुटला.

तेवढं ओपलकाकूंना सांगू नका.