मालोजीनानांचा बॅजर

माझं नाव गजानन बडेकर. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कोणाची नाही, हे मी स्वतः तपास करून ठरवलं आहे. समोरचा माणूस कुठून आला हे मी त्याच्या चपलेवरून सांगतो. बहुतेक वेळा तो दुसरीकडूनच आलेला निघतो, पण तो खोटं बोलत असण्याची शक्यता मी कायम खुली ठेवतो. माझं कार्यालय भिसेगावात, बायकोच्या पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत आहे. त्यामुळे माझ्या भुवयांवर सदैव पीठ असतं आणि चेहऱ्याला एक प्रकारचं गांभीर्य येतं. माझी बायको भाग्यश्री ही माझी सहायकही आहे. तिला हे अजून मान्य नाही.

त्या दिवशी सकाळी मालोजीनाना धापा टाकत गिरणीत शिरले. त्यांच्या नातवाचं, ऋतिकचं, त्या संध्याकाळी खालापूरला लग्न होतं. आदल्या रात्री आम्ही त्याच्या हळदीला जाऊन पोटभर जेवून आलो होतो.

"गजा, माझा बॅजर गेला रं!"

"कधीपासून आजारी होता?" मी हळहळलो.

"अहो, दाढीचा ब्रश तो," भाग्यश्री दाणे चाळणं न थांबवता म्हणाली.

बॅजर हा काळ्यापांढऱ्या तोंडाचा, बिळात राहणारा परदेशी प्राणी. त्याच्या केसांचा ब्रश नानांच्या परदेशातल्या मुलाने, ऋतिकच्या काकाने ऋषिकेशने, पाठवला होता. तेव्हापासून भिसेगावात नानांनी कोणाला नमस्कार केला की पुढचा अर्धा तास बॅजरचा. केसाचं मूळ फिकं, मध्ये काळा पट्टा, टोक पांढरं. टोक जितकं पांढरं आणि मऊ, तितका ब्रश वरच्या दर्जाचा. सगळ्यांत खाली 'प्युअर', त्यावर 'बेस्ट', त्यावर 'सुपर' आणि शेंड्यावर 'सिल्व्हरटिप'. म्हणजे बेस्ट हा खालून दुसरा. नानांचा अर्थातच सिल्व्हरटिप.

नानांनी डबी उघडली. ब्रशाची पांढरी टोकं चक्क लाल झाली होती, पान खाल्ल्यासारखी.

"काल मांडवात लडकूनं याच ब्रशानं ऋतिकची दाढी केली," नाना म्हणाले. "आज डबी उघडतो तर हे! त्यानं माझा सिल्व्हरटिप ठेवून घेतला नि रंगवलेला कायतरी घातला. मी चार लोकांत सुनावलं त्याला. तसा धोपटी उचलून गेला."

आता प्रकरण गंभीर होतं. नानांच्या घरात लग्नाच्या दिवशी लडकू न्हाव्याचा शेवटचा हात गालावरून फिरल्याशिवाय नवरा उंबरा ओलांडत नाही. नानांच्या लग्नात लडकूच्या बापाने वस्तरा धरला होता. शिवाय लडकूच्या दुकानासमोरच काचेच्या दाराचं, गार हवेचं नवं सलून उघडलेलं. लडकूकडे जी गिऱ्हाइकं उरली होती ती त्याच्या नावावर, आणि आता तेच नाव मांडवात चोर म्हणून घेतलं गेलं होतं.

"नाना, निश्चिंत राहा," मी डबी खिशात टाकत म्हणालो. नाना लगेच जास्त घाबरले.

तेवढ्यात लाइट गेली आणि गिरणी थांबली, म्हणून भाग्यश्री माझ्याबरोबर आली. पीठ झाडायचा कुंचा तिच्या कमरेला तसाच खोचलेला होता.

लडकू आपल्या जुन्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसला होता. आरशात पाहत होता, पण स्वतःकडे नव्हे.

"तपासायचंय? तपास," तो म्हणाला. "मी ब्रश धुतला, पाटावर उभा ठेवला, घरी आलो. लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवत जन्म गेला, गजा. त्यांचा गळा सोडून ब्रश चोरू व्हय मी?"

मला हा युक्तिवाद फार चोख वाटला, म्हणूनच संशयास्पद वाटला. त्याच्या फळीवर ब्रश होते, पण एक डुकराच्या राठ केसांचा आणि एक नायलॉनचा. मी जाहीर केलं की नानांच्या डबीतला ब्रश खरा आहे की डुकराचा, हे माझा गाल सांगेल. डोळ्यांना रुमाल बांधला आणि भाग्यश्रीला एकेक ब्रश फिरवायला सांगितलं.

पहिला टोचला. "डुक्कर," मी म्हणालो.

दुसरा गुळगुळीत. "नायलॉन."

तिसरा गालावरून असा फिरला की मला झोपच आली. "हाच! उच्च प्रतीचा सिल्व्हरटिप!"

रुमाल सोडला. भाग्यश्रीच्या हातात गिरणीचा कुंचा होता. नानांची डबी माझ्या खिशातच राहिली होती.

लडकू हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला असावा, कारण हसता हसता त्याने डोळे पुसले. मला तो हसलेला बरा वाटला, एरवी मी कुंच्याचा मुद्दा सोडला नसता.

मग मी ऋषिकेशला व्हिडिओ फोन लावला आणि त्याला लाल टोकं दाखवली.

"गजादादा, जनावराचे केस ते," तो म्हणाला. "एकाच कारखान्यातले दोन ब्रशही सारखे नसतात. कोणाचा काळा पट्टा रुंद, कोणाची टोकं पिवळट. वापरला की फुलतोही. पण लाल मी कधी पाहिला नाय."

"समजलं," मी म्हणालो. "कर्जतचा उन्हाळा सोसला नाही. बॅजरने कात टाकली."

"अहो, तो मेलाय," भाग्यश्री म्हणाली.

ही अडचण मी विचारात घेतली होती. म्हणून पुढचा सिद्धांत तयार होता: रक्त. लडकूने नवऱ्याचा गाल कापला असणार आणि पुरावा ब्रशात राहिला असणार. आम्ही तडक मांडवात गेलो आणि मी ऋतिकचा गाल भिंग लावून तपासला. कुठे ओरखडाही नव्हता. मात्र मला भलतंच काही दिसलं. मुलगा कानापर्यंत पिवळा होता.

"ऋतिक, भूक लागते का? डोळे दुखतात का? बाळा, तुला कावीळ झाली आहे."

"गजाकाका, हळद हाय ती," ऋतिक म्हणाला. "मला निघायचंय वो. टेंपोवाला हॉर्न मारतोय, लडकूकाका आल्याबिगर आजोबा हलत नायत, नि आजोबा माफी मागत नायत."

नाना एका खुर्चीत, माझ्याकडून परत घेतलेली ब्रशाची डबी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचा आवेश आता उतरला होता. "गजा," ते हळूच म्हणाले, "त्यानं घेतला नसंल तर? मी लय बोललो रं." मी विचार करायला घरी आलो, कारण विचार मला खाटेवरच सुचतात.

मागच्या अंगणात दोरीवर माझा पांढरा सदरा वाळत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि हादरलो. बाहीवर तोच लाल डाग! ब्रशावरचा आणि सदऱ्यावरचा रंग तंतोतंत एक. तर्क निर्दयपणे पुढे सरकत गेला. सदरा माझा. काल रात्री मांडवात मी होतो. जेवणानंतर काय झालं ते मला आठवत नव्हतं, कारण मी झोपलो होतो. म्हणजे झोपेत…

"भाग्यश्री," मी दोन्ही हात पुढे केले, "मला पोलिसांत दे. गुन्हेगार मीच आहे."

"काय केलंत?"

मी डाग दाखवला. भाग्यश्रीने माझ्याकडे असं बघितलं की मला लग्नाचे सगळे वाढदिवस आठवले. आपली पिवळी बोटं तिने माझ्या नाकासमोर धरली. मांडवातली सगळी हळद परवा आमच्याच गिरणीत दळली होती.

"काल ऋतिकला हळद लावताना बाही माखली तुमची. सकाळी मी साबण लावला. हळदीला साबण लागला की लाल होते. आजपर्यंत घरातले कपडे कोण धुतं वाटलं तुम्हाला?"

आम्ही पळतच मांडवात परतलो. पळता पळता मी तिला विचारलं की हे तिने सकाळीच का नाही सांगितलं. ती म्हणाली की नानांनी डबी उघडली तेव्हा ती दाणे चाळत होती आणि नंतर डबी मी कोणाला दाखवलीच नाही, फोनशिवाय.

तिने आचाऱ्याकडून लिंबाची फोड घेतली आणि नानांच्या ब्रशावर पिळली. लाल टोकं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी झाली. ते पाहायला टेंपोवाल्यानेही हॉर्न थांबवला.

"पण ब्रशाला हळद लावली कुणी?" नाना गरजले.

"मी," चुलीकडून आवाज आला. नानांची बायको विमलकाकी झारा घेऊन बाहेर आली. "आंब्याची पानं कोमेजलेली, पोराच्या गालाला टोचत होती. पाटावर हा मऊसूत ब्रश दिसला, त्यानंच लावली. मंग कपड्याच्या साबणानं धुतला नि डबीत ठेवला. का, काय झालं?"

"सकाळपासून बोंब चाललीय नि तू आत्ता सांगतेस?"

"मी इथं दोनशे माणसांचा भात बघतेय. मला कुणी इचारलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मांडवाचे बांबू तपासू लागलो.

नाना उठले. चप्पलही न घालता सलूनकडे निघाले आणि वरातीआधीच वरात निघावी तसे आम्ही सगळे त्यांच्यामागे. लडकू दारात उभा राहिला. नाना सरळ आत जाऊन खुर्चीत बसले, हातातला पिवळा ब्रश लडकूपुढे धरला आणि मान मागे टाकून गळा पुढे केला.

"कर," ते म्हणाले. "आदी माझी. चुकलो मी, लडकू."

लडकूने टॉवेल झटकला. ब्रश ओला केला, नानांच्या गळ्यावर फेस चढवला. फेस किंचित केशरी झाला. वस्तरा फिरवता फिरवता लडकू म्हणाला, "हलू नका, नाना. हसताय कशाला?" पण हसत होता तोच.

नवऱ्याचा शेवटचा हात झाला. ब्रश टेंपोच्या काचेपाशी उन्हात ठेवून वऱ्हाड खालापूरकडे निघालं. टोल नाक्यापर्यंत ऊन हळद खात गेलं. टोकं पुन्हा पांढरी झाली, फक्त कडेला सोनेरी झाक राहिली. नानांनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि सिल्व्हरटिपच्या वरचा दर्जा सापडल्याचं कळवलं. तो जगात एकच आहे आणि विमलनं बनवलाय, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लडकूने मला बोलावून फुकट दाढीला बसवलं. मी डोळे मिटले. गालावर फेस फिरू लागला, इतका मऊ, इतका हळुवार की माझ्या अनुभवी गालाने क्षणात निर्णय दिला.

"नानांचा बॅजर," मी म्हणालो. "सिल्व्हरटिप. या वेळी चूक शक्य नाही."

"बॅजर नाना घेऊन गेले," लडकू म्हणाला. "ही माझी बोटं हायत."